मदतनीसताईंच्या हातांनाही शिकवा

प्रति,
मा. मंत्री, महिला व बाल विकास विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. सचिव, महिला व बाल विकास विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. आयुक्त, एकात्मिक बाल विकास सेवा योजना, नवी मुंबई

विषय : अंगणवाडी मदतनिसांना बालकांच्या आरोग्य व सुरक्षिततेचे प्रत्यक्ष प्रशिक्षण देण्याबाबत

स. न. वि. वि.

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असते तर हे पत्र ‘योग्य मार्गाने’ पाठवावे लागले असते. म्हणजे आधी बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हा परिषदेत, आणि जिल्हा परिषदेतल्या कुठल्या टेबलावर ते निजले असते ते मला नेमके ठाऊक आहे. आता मला मार्ग विचारणारे कोणी नाही, म्हणून उघड लिहिते आहे.

सकाळी साडेअकराला एखाद्या अंगणवाडीत न सांगता जा. कागदावर तिथे एक सेविका आणि एक मदतनीस असते. प्रत्यक्षात सेविका बऱ्याचदा बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या, बैठकीला गेलेली असते, नाहीतर मतदार यादीच्या कामाला, गृहभेटीला, लसीकरणाला, किंवा पोषण ट्रॅकर या नोंदींच्या सरकारी ॲपला रेंज मिळावी म्हणून शाळेच्या गच्चीवर. २०२४ च्या पावसाळ्यात ती लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरत होती. यात तिचा काही दोष नाही, ही सगळी कामे सरकारनेच तिच्या गळ्यात घातली आहेत. पण मुलांजवळ त्या वेळी उरते ती मदतनीसताई. पोरे तिला मावशी म्हणतात. घरोघरून मुलांना हाताला धरून आणायचे, शी-शू काढायची, खोली झाडायची, पाणी भरायचे, खिचडी शिजवायची किंवा बचत गटाकडून आलेला डबा वाढायचा, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचे, आणि परत प्रत्येकाला त्याच्या दारात सोडायचे. मुलाला खरोखर काही झाले, तर त्या क्षणी हात लागणार तो हिचा.

आणि आपले प्रशिक्षण जाते कोणाकडे? सेविकेकडे.

१९७५ साली अंगणवाड्यांची ही योजना सुरू झाली तेव्हापासून प्रशिक्षणाची परंपरा आहे, नाही असे नाही. सेविकांचे कामाचे मूळ प्रशिक्षण असे, उजळणी वर्ग असत. पोषण अभियान आले तेव्हा दर महिन्याला एक याप्रमाणे एकवीस घटकांची मालिका आली. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आल्यावर ॲप शिकवायला वर्ग झाले. त्यानंतर ‘पोषण भी पढाई भी’ या बालशिक्षणाच्या सरकारी कार्यक्रमाचे सेविकांचे वर्ग झाले. त्यातले मेंदूची वाढ, खेळातून शिक्षण, दिव्यांग मुलांची ओळख हे भाग मला मनापासून आवडले. या सगळ्यात, घशात फुटाणा अडकून निळे पडू लागलेल्या तीन वर्षांच्या मुलाला कसे धरायचे, हे किती जणींनी स्वतःच्या हातांनी करून पाहिले? माझ्या बीटमधल्या सेविकांना विचारले असते तर ‘पुस्तकात आहे’ असे उत्तर आले असते. मदतनिसांना तर पुस्तकही मिळालेले नव्हते.

तालुक्याच्या सभागृहातले प्रशिक्षण तुम्ही उद्घाटनापुरते पाहिलेले असते. त्यानंतर काय होते ते सांगते. दीडशे बायका आणि एक प्रोजेक्टर. खिडक्यांना पडदे नसतात, त्यामुळे भिंतीवरचे अक्षर कोणाला दिसत नाही. मागच्या चार रांगांत लहान मुले घेऊन आलेल्या सेविका. सकाळी एक सही, जेवणानंतर एक सही, आणि मधे बॅनर धरून फोटो. ‘प्रथमोपचार’ हा विषय असतोच, पण तो शेवटच्या तासाला असतो, आणि शेवटच्या तासाला सगळ्यांची नजर साडेचारच्या एसटीवर असते.

याच्या अगदी उलट प्रकार मी एकदा पाहिला. आमच्या एका बीट बैठकीला ग्रामीण रुग्णालयातले एक तरुण डॉक्टर स्वतःहून आले. नर्सिंग कॉलेजातून त्यांनी तान्ह्या बाळाएवढी रबरी बाहुली उसनी आणली होती. प्रोजेक्टर नाही, भाषण नाही. सतरंजीवर बसले आणि म्हणाले, या, एकेक जण बाळ घ्या. पाणी द्यायला आलेली एक मदतनीस दाराशी उभी होती, पन्नाशीची. तिलाच पहिल्यांदा बोलावले. बाळाला हातावर पालथे घ्यायचे, डोके छातीपेक्षा खाली, हनुवटी आपल्या बोटांत धरलेली, आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच तडाखे. मावशींनी बाहुली घेतली ती इतकी सराईतपणे की डॉक्टरही बघत राहिले. आणि मग थोपटू लागल्या.

“मावशी, ढेकर काढायचा नाहीये. जोरात.”

“लागंल की हो त्याला.”

“लागू दे. श्वास आला की रडेल, तेच पाहिजे आपल्याला.”

तिसऱ्या खेपेला त्यांचा हात बसला. मग बाळाला उताणे करून छातीच्या मधोमध पाच दाब. वर्षावरच्या मुलाला पाठीतले तडाखे तसेच, पण नंतर मागून मिठी घालून पोटावर, बेंबीच्या वर, आत आणि वर असा झटका. मूल जोराने खोकत असेल तर काहीही करायचे नाही, त्याला खोकू द्यायचे. दिसत नसलेली वस्तू काढायला घशात बोट घालायचे नाही, ती आणखी आत जाते. हे सगळे अर्ध्या तासात झाले. त्या अर्ध्या तासात एक सेविका म्हणाली, “आम्ही तर पाय धरून उलटं टांगतो.” दुसरी म्हणाली, “आम्ही पाणी पाजतो.” दीडशे जणींच्या सभागृहात ही वाक्ये कोणी बोलले नसते, आणि ती बोलली गेली नसती तर ती दुरुस्तही झाली नसती.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे : आरोग्य आणि सुरक्षिततेचे प्रशिक्षण हाताने द्या, आणि ते मदतनिसांना द्या. सेविकांना तर द्याच.

झटक्यांचेच घ्या. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तापात झटके येतात. हे वय म्हणजे थेट अंगणवाडीचे वय. मुलाचे डोळे वर जातात, हातपाय ताठ होतात, आणि मग गावात एकाच वेळी सगळे उपाय सुरू होतात. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चामड्याची चप्पल हुंगवतो, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. दातखीळ उघडायला चमचा घालणारा हमखास एक असतो. त्या चमच्याने दात तुटतो आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. खरे तर करायचे ते किती थोडे आहे! मुलाला कुशीवर वळवायचे, आजूबाजूची टोकदार वस्तू बाजूला करायची, तोंडात काही घालायचे नाही, आणि घड्याळ बघायचे. झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला, किंवा थांबून परत आला, तर १०८. पण सासूबाई, शेजारीण आणि गावचा भगत भोवती ओरडत असताना काहीही न करता मुलाला फक्त कुशीवर धरून ठेवायला जी हिंमत लागते, ती सराव केलेल्या बाईलाच येते.

भाजण्याचेही तसेच. खिचडीचे पातेले आणि मुले एकाच खोलीत असलेल्या अंगणवाड्या मी शेकड्याने पाहिल्या आहेत. भाजले की हळद, टूथपेस्ट, शाई, ओल्या कणकेचा गोळा. सांगायचे काय, तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी, बर्फही नको. आता ज्या अंगणवाडीला नळच नाही तिथे वीस मिनिटे वाहते पाणी कुठून आणायचे? तर हंड्यातून तांब्या तांब्याने ओतत राहायचे. हा ‘तांब्या’ पुस्तकात नसतो. तो त्या खोलीत बसून, त्या मावशींबरोबर बोलूनच प्रशिक्षणात येतो.

कोकणात विंचू आहे. लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी मुले वाचावीत म्हणून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिन या औषधाचा उपचार शोधून जगापुढे मांडला, त्याला आता कित्येक दशके झाली. औषध आहे, पण ते ज्या दवाखान्यात आहे तिथवर मूल वेळेत पोहोचले पाहिजे. विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर हे ‘उतरवून’ घ्यायचे प्रकरण नव्हे, ही ओळख मदतनिसाला हवी. सापाचे तर सगळ्यांना माहीत असते असे आपण धरून चालतो. अजूनही ब्लेडने चिरा देणारे आणि दोरी करकचून बांधणारे आहेत.

मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात शेततळी झाली. प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे आत पडलेल्या मुलाला वर चढू देत नाही, काठ निसरडा असतो. बुडण्याच्या बाबतीत सगळ्यात मोठा उपाय अंगणवाडी स्वतःच आहे, हे आपण कधी मोजत नाही. बांगलादेशात ‘आंचल’ नावाची गावपातळीवरची केंद्रे चालतात. सकाळी आया कामात असतात त्या वेळात एक ते पाच वर्षांच्या मुलांना गावातलीच प्रशिक्षित बाई सांभाळते. तिथल्या संशोधनात, या केंद्रांत जाणाऱ्या मुलांमध्ये बुडून मृत्यू होण्याचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात घटल्याचे दिसले. आपल्याकडे ही व्यवस्था आधीच उभी आहे, लाखाहून जास्त अंगणवाड्यांच्या रूपाने. फक्त तिथल्या बाईला हे सांगायला हवे की पाण्यातून काढलेल्या मुलाला उलटे करून पोट दाबायचे नाही. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर दाब. हे वाचून येत नाही. किती दाबायचे ते बाहुलीच्या छातीवर हात ठेवल्याशिवाय कळतच नाही. बहुतेक सगळ्या जणी पहिल्यांदा फारच हळू दाबतात.

‘जेमतेम सातवी शिकलेल्या बायकांना हे झेपेल का?’ हा प्रश्न बैठकीत विचारला जातो. मी स्वतः ऐकला आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यातल्या थोड्याबहुत शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केले. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवी आणि मास्कने श्वास देणे, न्यूमोनिया ओळखणे, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देणे त्या घरी जाऊन करू लागल्या. गावातल्या नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये हे काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्तींच्या घरभेटींचा पाया त्यावर घातला गेला. तिथे बायकांना एकदा शिकवून सोडून दिले नव्हते. पुन्हा पुन्हा करून घेतले होते, गावात जाऊन तपासले होते. आपण त्यातले ‘आरोग्यदूत’ घेतले आणि ‘पुन्हा पुन्हा’ वगळले.

इंग्लंडमध्ये नियम असा आहे की बालसंगोपन केंद्र उघडे असेपर्यंत बालकांच्या प्रथमोपचाराचे बारा तासांचे पूर्ण प्रशिक्षण घेतलेली निदान एक व्यक्ती तिथे सतत हजर हवी, आणि ते प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नव्याने मिळवावे लागते. तो श्रीमंत देश आहे, ठीक. मला त्यातला ‘सतत हजर’ हा भाग महत्त्वाचा वाटतो. आपल्या अंगणवाडीत सतत हजर कोण, हे वर लिहिलेच आहे.

आता एक नाजूक गोष्ट. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या छपराजवळच्या शाळेत माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेले होते. तेल नेहमीसारखे नाही हे स्वयंपाकिणीच्या लक्षात आले होते आणि तिने तसे बोलूनही दाखवले होते, असे तेव्हाच्या बातम्यांत होते. ती स्वतःही ते खाऊन आजारी पडली. म्हणजे ज्ञान त्या बाईकडे होते. नव्हता तो थांबवण्याचा अधिकार. आपल्या मदतनीसताईलाही बचत गटाच्या डब्याला आंबूस वास येतो तेव्हा पहिल्यांदा तिलाच कळते. ‘आज हा आहार वाटणार नाही’ असे म्हणायची तिची टाप आहे का? गट सरपंचांच्या घरचा असला तर? प्रशिक्षणात एक पान याचेही हवे, आणि त्यामागे आयुक्तालयाचे एक परिपत्रक हवे : आहार चाखून, संशय आल्यास न वाटण्याचा अधिकार मदतनिसाला आहे आणि त्याबद्दल तिला कोणी जाब विचारणार नाही.

जाब विचारण्यावरून आठवले. मदतनिसांच्या मनात सगळ्यात मोठी भीती अज्ञानाची नसते, नोटिशीची असते. ‘मी हात लावला आणि पोराला काही झालं तर?’ म्हणून पुष्कळ जणी मूल उचलून आईच्या शेतापर्यंत पळत सुटतात आणि मोलाची चार मिनिटे वाटेत जातात. सद्हेतूने केलेल्या मदतीला कायद्यात संरक्षण आहे. ते मराठीत, अर्ध्या पानात, आपल्या सहीने प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर लावा.

पैशांचा प्रश्न निघेल, म्हणून व्यवस्थेबद्दलही लिहिते. नवे काही उभारायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून आहेत. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे पथक प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांच्या तपासणीला येते. त्याच दिवशी, तपासणी झाल्यावर, शेजारच्या दोन-तीन अंगणवाड्यांच्या सेविका-मदतनिसांना बोलवा आणि दीड-दोन तास बाहुलीवर सराव घ्या. थांबलेला श्वास परत सुरू करायला शिकवणारे डॉक्टर सांगतात की हा सराव काही महिन्यांत हातातून जातो. तेव्हा वर्षातून दोनदा हे वेळापत्रक आयतेच जुळते. प्रत्येक बीटला एक तान्ह्या बाळाची आणि एक मोठ्या मुलाची बाहुली पुरेल. साधी बाहुली साध्या स्मार्टफोनच्या किमतीत येते. (२०२१ मध्ये सेविकांनी निकृष्ट म्हणून सरकारला परत केलेले मोबाइल आठवत असतीलच.) पथकांवर आधीच भार आहे हे मला कळते. त्यांच्या दौऱ्याचे दिवस थोडे वाढवावे लागतील, त्याची तरतूद करा. मदतनिसांना त्या दिवसाचा प्रवासखर्च रोख द्या, ‘नंतर खात्यावर जमा होईल’ असे नको.

आणि कृपा करून याचे ॲप काढू नका. जिओ-टॅग केलेला फोटो मागू नका. फोटो मागितला की फोटोच होतो, सराव होत नाही. तपासायचेच असेल तर पर्यवेक्षिकेने भेटीला जाताना बाहुली बरोबर न्यावी आणि मावशींना म्हणावे, दाखवा बरं. दोन मिनिटांत कळते.

औषध किटबद्दल फार लिहीत नाही. कपाट उघडून मुदत बघा, इतकेच. ओआरएसची एक लिटरची पुडी तांब्याभर पाण्यात कालवली जाते, हे मात्र बघा. प्रत्येक अंगणवाडीत एक लिटरची खूण केलेले भांडे ठेवायला पैसेही लागत नाहीत. पाण्याच्या रिकाम्या बाटलीनेही भागते.

खासगी पाळणाघरे आणि नर्सऱ्यांचा विषय वेगळ्या पत्राचा आहे. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने केलेली मारहाण सीसीटीव्हीत सापडली, २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या मुलींवर अत्याचार झाला, आणि दोन्ही वेळा चर्चा कॅमेऱ्यांवर येऊन थांबली. कॅमेरा घडून गेलेले दाखवतो. मुलगी अचानक शौचाला जायला घाबरते आहे, एका विशिष्ट माणसाला बघून रडते आहे, हे ओळखणारी बाई तयार करावी लागते, आणि तिने ते कोणाला सांगायचे, १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकाला फोन कसा करायचा, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात कळवण्याची जबाबदारी कोणाची, हेही तिला ठाऊक असावे लागते. मदतनिसांच्या सरावात हा तास धरा. मुलांना शौचाला नेणारी, त्यांचे कपडे बदलणारी तीच असते.

बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलांच्या अंगणात गेल्या तेव्हा आधी मुलांना आंघोळी घालाव्या लागत, खरजेला औषध लावावे लागत असे, शिकवणे त्यानंतर. ते काम हातांचे होते आणि आजही आहे. अजून पर्यंत ते करणाऱ्या बाईच्या पदनामात ‘मदत’ आहे, म्हणून आपण तिचे प्रशिक्षणही मदतीपुरतेच ठेवले आहे.

या पत्राला सविस्तर उत्तर नको. दोनच गोष्टी कळवाव्यात : बाल स्वास्थ्य पथकांच्या येत्या फेरीत किमान एका आदिवासी आणि एका कोरडवाहू तालुक्यात हा सराव सुरू करता येईल का, आणि हजेरीपत्रकावर मदतनिसांची नावे सेविकांच्या बरोबरीने असतील का. शिकवायला माणसे कमी पडत असतील तर माझ्यासारख्या निवृत्त पर्यवेक्षिका प्रत्येक तालुक्यात आहेत. एसटीत आम्हाला सवलत आहे, मानधन नको. बाहुली मात्र तुमची.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका

प्रत माहितीसाठी : सर्व जिल्हा परिषदांचे महिला व बाल कल्याण सभापती, अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या सर्व संघटना (मागण्यांच्या पुढच्या निवेदनात हीही मागणी घालावी ही विनंती)